दारातला डाग

माझी पिकअप कुठे थांबून गेली हे सांगायला माणूस लागत नाही. ती स्वतःच सांगून जाते. कोरेगावच्या बाजारात आल्याची पोती उतरवली तिथे, रहिमतपूरच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीसमोर, भावकीतल्या लग्नाच्या मांडवाबाहेर, सगळीकडे तिचा तळहाताएवढा काळा डाग असतो. आमच्या गावात त्याचं कुणाला काही वाटत नाही. आमच्या आळीत दोन ट्रॅक्टर, एक जुनी जीप आणि माझी पिकअप, आणि चारही तेल टाकतात. दारं मातीची. डाग पडला की वर धूळ बसते आणि विषय संपतो. कुणी फारच बोललं तर मी म्हणायचो, "तेल टाकतीया म्हंजे तिच्यात तेल हाय. तुमच्या गाडीत असतं तर तिनंबी टाकलं असतं."

असलं बोलणं मला लेकीच्या सासरच्या दारात कधी जमलं नाही.

लेक दिली सांगलीकडे, पलूसजवळच्या एका गावात. द्राक्षबागा, थोडा ऊस, घर खाऊनपिऊन सुखी. जावई फौजेत आहे, तिकडे उत्तरेला असतो. व्याहीही फौजेतलेच, सुभेदार होऊन परत आलेले. फौज सुटली तरी फौजेची शिस्त सुटत नाही, हे त्यांच्या दारात पाय ठेवताच कळतं. अंगणात लाल-करडे ब्लॉक बसवलेले. फाटकापासून पायरीपर्यंत वाटेच्या दोन्ही बाजूंना दगड, एक गेरूचा, एक चुन्याचा, एक गेरूचा, एक चुन्याचा. ट्रॅक्टर उभा करायलाही पांढरी चौकट आखलेली. ट्रॅक्टर त्या चौकटीबाहेर कधी दिसला नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला मी लेकीला आणायला गेलो आणि मोठ्या तोऱ्यात पिकअप थेट आत घातली. निघताना गाडी मागं घेत होतो. व्याही फाटकाशी उभे राहून हात हलवत होते, "आने दो, आने दो, बराबर." मी आरशात बघितलं, मग समोर बघितलं, तर जिथे गाडी उभी होती तिथे धुतलेल्या सदऱ्यावर पानाची पिंक पडावी तसा डाग. व्याह्यांनीही बघितला. ते काही बोलले नाहीत. नुसतं "सावकाश जावा पावणं" म्हणाले. न बोलणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. बोलले असते तर मी दोन शब्द बोललो असतो, भांडणाच्या आवाजात मोकळा झालो असतो. न बोलल्यामुळे तो डाग माझ्याबरोबरच कोरेगावपर्यंत आला.

त्यानंतर मी दरवेळी ठरवायचो की सील बदलून घ्यायचं आणि मगच तिकडे जायचं. इंजिनाच्या तोंडाला, जिथे पुली फिरते तिथे रबराचं गोल सील असतं. ते कडक झालं की तेल पाझरायला लागतं. काम काही फार मोठं नाही, पण शेतीच्या कामात माणूस स्वतःच्या गाडीकडे शेवटी बघतो. आणि दुसरं असं, की मी गाडी गॅरेजला देत नाही. आजवर क्लच, ब्रेक, दिवे सगळं माझ्या हातानं केलेलं आहे, आणि हे मी गावाला इतक्या वेळा ऐकवलंय, की आता गॅरेजपुढे गाडी उभी दिसली तर लोक मला विचारायला येतील. तर ते राहून जायचं आणि मी तसाच जायचो.

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही. चहा घ्यायचा, ख्यालीखुशाली विचारायची, निघायचं. म्हणून माझी खेप लहानच असायची. जेवत नव्हतो, मुक्काम करत नव्हतो, तरी मागं डाग ठेवून यायचो.

लेकीला दिवस गेल्यावर एकदा मी आलं, गूळ आणि तिच्या आईनं केलेले डिंकाचे लाडू घेऊन गेलो. चहा घेतला, निघालो. गावाबाहेर आल्यावर लक्षात आलं की चष्मा पायरीवर राहिला. माघारी फिरलो. पुन्हा आत गाडी घालायला नको म्हणून रस्त्यावरच लावली आणि चालत फाटकाशी गेलो.

लेक अंगणात उकिडवी बसली होती. पदर खोचलेला, हातात नारळाच्या काथ्याचा चोथा, शेजारी पाटीत राख. माझ्या गाडीचा डाग घासत होती. पोट दिसायला लागलेलं होतं, त्यामुळे तिला नीट वाकता येत नव्हतं. एक हात मागं टेकून ती दुसऱ्या हातानं घासत होती, मधेच थांबून श्वास घेत होती, पुन्हा घासत होती. त्या घासण्यात सराव दिसत होता. हे ती पहिल्यांदा करत नव्हती.

तिनं मला बघितलं नाही. मी फाटक न वाजवता मागं फिरलो. चष्मा तिथेच राहिला. डोळे बारीक करून कोरेगावपर्यंत गाडी चालवली. घरी बायकोनं विचारलं, चष्मा कुठाय, तर सांगितलं की टपरीवर विसरला. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी खोटं बोलतो, हे माझ्या बायकोला माहीत आहे. ती म्हणाली, "बरं," आणि भाकरी थापायला लागली.

माझ्या डोक्यात एकच चालू होतं. पोरीला तिथे कोण काय बोलत असेल? विहीणबाई नाक मुरडत असतील. सुभेदार आल्या-गेल्याला सांगत असतील की ही आमच्या पावण्याच्या गाडीची कृपा. पोटुशी पोर बापाची घाण काढत बसते, आणि बाप गावात छाती फुगवून सांगतो की माझी गाडी मीच दुरुस्त करतो.

पुढच्या खेपेला मी गाडी त्यांच्या दारात नेलीच नाही. देवळाजवळ पिंपळाखाली लावली आणि पिशव्या घेऊन चालत गेलो. चष्मा मिळाला, काच पुसून ठेवलेली. व्याही म्हणाले, "पावणं, गाडी कुठाय?"

"देवळापशी लावली. जरा पाय मोकळं व्हत्यात."

"आवं, कोरेगावास्नं आला आन् पाय मोकळं करायला आमच्याच गावात चालताय व्हय?" ते हसले, पण थोडे दुखावलेही होते. "आमच्या दारात जागा न्हाई का? काय राग हाय का आमच्यावर?"

"राग कसला, तसं काय न्हाई," म्हणत मी बशीत चहा ओतला आणि तोंड बशीत घातलं.

सातवा महिना संपताना तिला माहेरी आणायचं ठरलं. पहिलं बाळंतपण आईकडेच व्हायचं. आता खरी अडचण होती. विहीणबाईंना पिकअप नको होती. त्यांचा फोन बायकोला आला, "आमी हितनंच चांगली गाडी करून दितो, तुमी तसदी घेऊ नका." बायको नुसती हूं हूं करत होती. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हणालो, "लेकीला न्यायला बाप येतो, भाड्याची गाडी न्हाई येत." पलीकडे फोन हातातून हातात गेला. मग व्याह्यांचा आवाज आला. ते समजुतीनं म्हणाले, "न्या की पावणं, तुमच्याच गाडीतनं न्या. पर जरा दुरुस्त करून आणा. पोर पोटुशी हाय. वाटंत बंद पडली म्हंजे? गाडी तशीच असली तर मग मी धाडायचो न्हाई, आत्ताच सांगतो."

त्यांनी वाटेत बंद पडण्याबद्दल सांगितलं होतं. मी ऐकलं ते डागाबद्दल.

दुसऱ्याच दिवशी कोरेगावच्या दुकानातून नवीन सील आणलं. गाडी दारातल्या जांभळाखाली लावली आणि कामाला लागलो. पंखा काढला, पट्टा काढला, मग पुलीचा मोठा नट. हा नट जन्मात एकदाच निघतो अशा बेतानं बसलेला असतो. नट फिरवायला गेलं की सगळं इंजिनच फिरतं, म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून कुणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो. बायकोला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं.

"जोरात दाब," मी खालून ओरडलो.

"दाबलाय की. आन् किती दाबू, पाय बाहीर निघंल."

"सोडू नगंस."

"तुमी नट सोडवा, मी ब्रेक सोडत न्हाई."

पान्याला पाईप लावून मी लोंबकळलो. कर्रर्र आवाज झाला, नट हलला. पाठीत काहीतरी हललं ते वेगळं. बायको वरून म्हणाली, "लेकीच्या बाळंतपणासंगं आता तुमची कंबरबी शेकाया लागती बगा." मी काही बोललो नाही, कारण ती ब्रेकवर होती.

जुनं सील निघालं तेव्हा त्याचा ओठ खाज्याच्या कडेसारखा कडक आणि तडकलेला होता. जागा चांगली पुसली. पुलीच्या गळ्यावरून बारीक पॉलिश पेपर फिरवला. नव्या सीलच्या ओठाला बोटानं तेल लावलं, जुनं सील त्याच्यावर ठेवून लाकडाचा ठोकळा धरला आणि हातोडीनं सगळीकडून हळूहळू, एकसारखं ठोकत बसवलं. वाकडं जाऊ दिलं नाही. हे काम मी मनापासून केलं, एवढं मला माझ्याच बाजूनं सांगायचंय. सगळं जोडलं, गाडी चालू केली, आणि खाली जुना पेपर पसरून तासभर तशीच ठेवली.

सील कोरडं. एक थेंब नाही. मी बायकोला बोलावून दाखवलं. ती वाकून बघत म्हणाली, "आन् ह्यो कुठला?"

पेपरच्या कडेला एक थेंब होता. थोड्या वेळानं दुसरा. तो सीलचा नव्हता, ब्रीदरचा होता. इंजिनात कोंडलेली वाफ बाहेर जायला वरून खाली सोडलेली एक नळी असते. गाडी जुनी झाली की इंजिन बॅक मारायला लागतं, आतली वाफ उलटी फेकतं, मग नळीतून धूर येतो आणि धुराबरोबर तेलाचा एखादा थेंब. ते थांबवायचं तर सगळं इंजिन खोलावं लागतं. एरवी मी त्या थेंबाकडे ढुंकूनही बघितलं नसतं. पण त्या दिवशी मला त्या एका थेंबात लेकीच्या हातातला काथ्या दिसला.

ती नळी बंद करू नये, हे मला चांगलं माहीत होतं. मीच आळीतल्या जीपवाल्याला एकदा दटावून सांगितलं होतं की इंजिनाचा श्वास कोंडू नको, कुठून तरी फुटेल. तरी मी असा विचार केला, की सगळ्या वाटेभर कशाला, त्यांच्या गावाच्या अलीकडच्या ओढ्यापाशी बोळा घालायचा, दारात थोडा वेळ गाडी उभी राहील तेवढ्यापुरता, आणि गाव सोडलं की काढून टाकायचा. यात काही बिघडत नाही, असं मी स्वतःला समजावलं. आपण स्वतःला समजावायला लागलो की समजणारा फार हुशार नसतो.

बोळ्यासाठी कापड शोधायला लागलो. लग्नकार्यात मिळालेले टॉवेल प्रत्येकाच्या घरात थप्पीनं असतात. टॉवेल-टोपी द्यायची, घ्यायची, आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला द्यायची. त्यातले बरेचसे इतके पातळ असतात की त्यातून पलीकडचा माणूस दिसतो. असलं कापड घातलं तर वाफ निघून जाणार आणि थेंबही गळणार. जाड कापड हवं होतं. थप्पीच्या तळाशी एक होता. हिरव्या काठाचा, कोपऱ्यात मोर विणलेला, चांगला वजनदार. मी त्याला कात्री लावली.

बायको दारात आली. "आवं, त्यो पाव्हण्यांनी लग्नात दिल्याला टॉवेल. सोलापूरहून मुद्दाम आणल्याला. फाडला व्हय?"

"कुणाला दिसतोय. नळीत जायचाय."

"तुमाला दुसरं काय घावलंच न्हाई?"

"दुसरं पातळ हाय," मी म्हणालो. मला वाटलं, ती उगीच नको तिथे भावना आणते आहे.

ठरल्या दिवशी सकाळी निघालो. रहिमतपूर, पुसेसावळी, कडेगाव करत ऊन चढायच्या आत त्यांच्या ओढ्यापाशी पोहोचलो. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, बोळा नळीत घालून पेचकसानं चांगला दाबून बसवला, फडक्यानं हात पुसले आणि गाडी दिमाखात त्यांच्या फाटकातून आत घेतली. इंजिन बंद केलं. व्याही बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं. कोरडं.

"वा पावणं. एकदम फिट."

"सील बदललं. सोताच," मी म्हणालो. आवाज शक्य तितका साधा ठेवला, पण छाती फुगली होती.

लेकीनं पायरीवरून खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसली. तिला असं हसताना बघून मला वाटलं, पाठ मोडली तरी चालेल, काम झालं.

ओटी भरली, आल्यागेल्या बायकांनी हळदीकुंकू लावलं. दारात विहीणबाईंनी रांगोळी काढलेली होती. पिशव्या गाडीत गेल्या. लेक उंबरा ओलांडून बाहेर आली, हातावर दही घेतलं, गाडीत बसली. आणि मग निरोप सुरू झाला. बायकांचा निरोप तुम्ही बघितला असेल. निघते म्हटल्यापासून खरं बोलणं सुरू होतं. एकजण खिडकीशी येते, तिचं होईतो दुसरी. लेकीला लोणचं द्यायचं राहिलं, मग ते आणायला कुणी गेलं. मी मूळचा उतावळा. म्हटलं, गाडी चालू केली म्हणजे जरा आटपतील. चालू केली. तरी कुणी हलेना. मग मी एक्सिलेटर दाबला. एकदा. पुन्हा एकदा, जरा जास्तच.

पुढून दबका, ओला आवाज आला. मग पंख्यानं फवारा उडवावा तसं काळं तेल चारी बाजूंनी उडालं. मी गाडी बंद करेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. चुन्याच्या दगडांवर तेल, गेरूच्या दगडांवर तेल, रांगोळीवर तेल, सुभेदारांच्या पांढऱ्या लेंग्यावर गुडघ्यापासून खाली तेल. गाडीखालून तेलाचा ओघळ ब्लॉकच्या फटीफटीतून पायरीकडे निघाला होता.

मग विहीणबाई म्हणाल्या, "उतर गं खाली. आता आज न्हाई जायचं. ह्या गाडीतनं तर न्हाईच न्हाई."

लेक हलली नाही. माझ्याकडे बघतही नव्हती, पदरातल्या ओटीकडे बघत होती. ओटी भरून उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की पुन्हा त्या घरात माघारी जायचं नसतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि तिलाही. आता ती उतरून आत गेली तर पुढचा चांगला दिवस कधी निघायचा, आणि तो निघाला तरी माझ्याबरोबर धाडतील का? मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. उतरायला पाहिजे हे कळत होतं, पण पाय खाली ठेवायला जागाच नव्हती, सगळीकडे माझंच तेल होतं.

शेवटी व्याही म्हणाले, "आत न्हाई आन् माघारी न्हाई. पस्तान ठिवू शेजारी. पोर तकडं बसंल, आमी बघतो." अडचण आली की निघालेल्या माणसानं शेजारच्या घरी जाऊन बसायचं, म्हणजे निघणं मोडत नाही, असं आमच्याकडे चालतं. दोन बायकांनी लेकीला हात धरून तेल चुकवत फाटकाबाहेर नेलं आणि समोरच्या घराच्या ओसरीवर बसवलं. पिशव्या तिच्याजवळ ठेवल्या. तिथून तिला सगळं दिसत होतं. आळीलाही सगळं दिसत होतं, कारण आळी तोवर गोळा झालीच होती.

मी बॉनेट उघडलं. सील जागेवरून बाहेर ढकललं गेलं होतं. फाटलं नव्हतं, नुसतं कोंडलेल्या वाफेनं उचलून फेकल्यासारखं झालं होतं. कारण मला शोधावं लागलं नाही. मी पहिल्यांदा हात घातला तो सीलकडे नाही, ब्रीदरकडे. कुणी बघायच्या आत बोळा काढून खिशात घालायचा, एवढंच मनात होतं. पण इंजिन तापलेलं, बोटं तेलानं बुळबुळीत, आणि बोळा मी चांगला दाबून बसवलेला. तो निघेना.

"काय हाय तितं?" व्याही मागं उभे होते. सदऱ्याच्या बाह्या वर सारलेल्या, हातात ट्रॅक्टरचे पाने.

"काय न्हाई. नळी."

"बघू." त्यांनी मला कोपरानं हळूच बाजूला केलं, पक्कड घातली आणि ओढलं. आधी एक टोक आलं, मग पट्टी येतच राहिली. काळी, वाफाळलेली. शेवटी कोपरा बाहेर आला, आणि त्या कोपऱ्यात, तेलात भिजूनही न लपणारा, हिरव्या काठाजवळचा मोर.

व्याह्यांनी ती पट्टी पकडीत धरून उजेडात बघितली. उलटी केली. पुन्हा बघितली. त्यांच्या लेकाच्या लग्नात शेजारपाजारच्या चार गावांत कुणी असले टॉवेल दिले नव्हते, हे त्यांनी मला मांडवात स्वतः सांगितलं होतं. "पातळ द्यायचं म्हंजे मान न्हाई, नुसती रीत," असं म्हणून त्यांनी तो माझ्या खांद्यावर टाकला होता आणि टोपी स्वतःच्या हातानं बसवली होती.

भूमी दुभंगावी असं लोक म्हणतात ते मी आजवर नुसतं म्हणण्यापुरतं समजत होतो. मी म्हणालो, "पावणं, थेंब गळत हुता. तुमच्या दारात नको म्हणून."

"म्हणून आमचा टॉवेल."

"दुसरं पातळ हुतं," मी म्हणालो. हे उत्तर घरी बायकोला दिलं तेव्हा बरं वाटलं होतं. इथे ते तोंडातून बाहेर पडताना माझे कान तापले.

व्याह्यांनी पट्टी पिळली. तेल खाली गळलं. मग ते म्हणाले, "सोलापूरचा हाय. बसला असंल दाबून," आणि पट्टी बाजूच्या दगडावर ठेवली, गेरूच्या. "चला, पंखा काडा."

त्यानंतर आम्ही दोघं त्या गाडीखाली होतो. मुलीच्या बापाच्या गाडीखाली मुलाचा बाप पाठीवर झोपतो, हे आमच्याकडे कुणी बघितलेलं नाही. मी दोनदा म्हणालो, "तुमी उठा, मी करतो." त्यांनी ऐकलं नाही. ब्रेक दाबायला विहीणबाई बसल्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पण ब्रेक असा दाबला की नट एका हिसक्यात निघाला. सील पुसून पुन्हा जागेवर बसवलं. मी ठोकळा धरला, त्यांनी हातोडी मारली. हळू, एकसारखी, मी मारली होती तशीच. ट्रॅक्टरसाठी आणून ठेवलेलं ऑइल त्यांनी ओतलं. ब्रीदर मोकळा होता. गाडी चालू केली, सील कोरडं राहिलं. नळीतून धूर आला, आणि धुराबरोबर, सगळ्यांच्या समोर, एक थेंब.

"पडू दे," व्याही म्हणाले.

मी राख मागितली. विहीणबाई म्हणाल्या, "राहू द्या, गडी धुईल." मी ऐकलं नाही. पाटी आणि काथ्या मोरीजवळ ठेवलेले दिसत होते, मी थेट जाऊन घेतले. राख टाकली, उकिडवा बसलो आणि घासायला लागलो. ओसरीवरून लेक उठायला लागली. मी हातानं खूण केली, बस. ती बसली, पण तिनं तोंड पदरात घातलं. रडत होती की हसत होती, मला चष्म्याला तेल लागल्यामुळे दिसलं नाही. डाग काही पुरता निघाला नाही. आळी आपापल्या घरी गेली तेव्हा तो जवळजवळ ट्रॅक्टरच्या चौकटीएवढा करडा होऊन राहिला होता.

निघताना व्याह्यांनी रीतीप्रमाणे मला टोपी घातली आणि टॉवेल दिला. मग आत जाऊन दुसरा टॉवेल घेऊन आले. तोही हिरव्या काठाचा, मोराचा, घडीही न मोडलेला. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"ह्यो गाडीला," ते म्हणाले. चेहऱ्यावर एक रेषही हलली नाही.

लेक ओसरीवरून उतरून गाडीत बसली. गाव मागं पडलं, ओढा गेला. कडेगावच्या अलीकडे मी म्हणालो, "पोरी, माझ्यापायी तुला लय ऐकून घ्यावं लागलं असंल."

"कुणाचं?"

"त्या डागाचं. तुला घासाया लावत हुते. मी बघितलंय."

ती म्हणाली, "आण्णा, मला कुणीबी लावलं न्हाई. मामंजी तर म्हणायचं, राहू दे गं, तुझा बा येऊन गेल्याली खूण हाय ती. मीच घासायची. मलाच लाज वाटायची."

मी गिअर बदलला. रागवावं असं त्यात काही नव्हतं. लाज वाटली की झाकायचं, हे ती सासरी शिकलेली नव्हती. ती हे माझ्याकडूनच घेऊन गेली होती, आणि मी इतके महिने त्या घरातल्या माणसांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

घरी पोहोचलो तेव्हा बायकोनं दार शेणानं सारवून, त्यावर रांगोळी काढून ठेवली होती. ती भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन दारात उभी होती. सारवलेल्या अंगणाकडे बघून मी सवयीनं गाडी बाहेरच, वाटेवर थांबवली.

"आत घ्या की, आण्णा," लेक म्हणाली.

मी गाडी आत घेतली.